पाहिलं कोणी, विचारलं कोणी

भिवंडीत देशाच्या सुरक्षेवर बोलायला बसलं की पहिली अडचण तारखांची होते. बाकी महाराष्ट्राला २६ नोव्हेंबर २००८ ही एक तारीख पुरते. इथल्या माणसाला १९७०चा मे आठवतो, १९८४चा मे आठवतो, १९९२चा डिसेंबर आठवतो तो अगदी वेगळ्या कारणाने, मग २००६चा जुलै, आणि अलीकडच्या, जवळच्याच पडघ्याच्या धाडी. दहशतवादी हल्ल्यानंतर देश कसा बदलतो, असं वंजारपट्टी नाक्यावर विचारून पाहा. उलट प्रश्न येईल: कुठल्या हल्ल्यानंतर?

खाली बोलणारी दोन माणसं मी रचलेली आहेत. तसं आधीच सांगून टाकलेलं बरं. पण अशी माणसं भिवंडीत हुडकत फिरावी लागत नाहीत. एक निवृत्त फौजदार, मूळचे जावळी खोऱ्यातले. उमेदवारीची वर्षं भिवंडीत शिपाई म्हणून काढली, पुढे ठाण्याच्या खाडीकाठी नोकरी केली आणि निवृत्तीनंतर टेमघरला घर घेतलं. दुसरी वकील, पस्तिशीतली, कोकणी मुसलमान घरातली, भिवंडीच्याच कोर्टात वकिली करणारी. तो तिला वकीलबाई म्हणतो, ती त्याला काका म्हणते, आणि दोघांचं पटत नाही. मी मधूनमधून तोंड घालणार आहे.

फौजदार : वकीलबाई, एवढं तरी कबूल करा की २००८नंतर देश जागा झाला. त्या रात्री सीएसटीवर आमच्या पोरांच्या हातात जुन्या थ्री-नॉट-थ्री होत्या आणि समोर एके-४७. तुकाराम ओंबळे आमच्या भागातले, केडंब्याचे. गिरगाव चौपाटीवर काठी घेऊन उभा असलेला माणूस बंदुकीची नळी धरून ठेवतो, म्हणून कसाब जिवंत सापडतो. अशोकचक्र मिळालं, मिळायलाच हवं होतं. पण खात्यानं त्यांच्या हातात काय दिलं होतं? एनएसजीचे कमांडो दिल्लीहून यायला रात्र गेली. आता एनएसजीचं केंद्र मुंबईत आहे, २००९पासून. राज्याचं फोर्स वन आहे. किनाऱ्यावर पोलीस ठाणी वाढली, कोळ्यांना ओळखपत्रं दिली, होड्यांना राज्यवार रंग ठरले. मुंबईत जवळपास पाच हजार कॅमेरे लागले.

वकील : ते लागायला २०१६ उजाडलं.

फौजदार : उजाडलं ना पण?

वकील : काका, मला एक सांगा. ११ जुलै २००६ला पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये अकरा मिनिटांत सात बॉम्ब फुटले. १८०हून जास्त माणसं गेली. सव्वीस अकराला १६६ गेली. मग हे सगळं २००६ला का नाही झालं?

फौजदार : बॉम्ब फुटतो आणि संपतो. सव्वीस अकराला साठ तास देश टीव्हीसमोर बसून होता.

वकील : आणि टीव्हीवर काय दिसत होतं? ताजचा घुमट. सीएसटीवर पन्नासच्या वर माणसं मेली, ती लांबच्या गाड्यांची वाट बघत पथारी टाकून बसलेली. आपल्या शांतीनगरच्या यंत्रमागावर काम करणारा माणूस आणि सीएसटीच्या त्या हॉलमध्ये बसलेला माणूस एकाच गाडीचे प्रवासी. एक सीएसटीला चढतो, दुसरा कल्याणला. त्यांच्यासाठी कोणी गेटवेला मेणबत्त्या नेल्या नसत्या.

इथे मला वकीलबाईंना थोडं अडवायला हवं. २००६ला कायदा कडक झाला नाही त्यामागे टीव्हीखेरीज राजकारणही होतं. दहशतवादविरोधी टाडा कायदा १९८५चा, तो १९९५ला मुदत संपून गेला. पोटा २००२चा, तो नव्या सरकारने २००४ला रद्द केला. आपणच रद्द केलेला कायदा दोन वर्षांत परत आणायचा तर कोणत्या तोंडाने? २००८ने ती लाज धुऊन काढली. हल्ला २६ नोव्हेंबरला, आणि राष्ट्रीय तपास संस्थेचा (एनआयए) कायदा आणि बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायद्याची (यूएपीए) दुरुस्ती लोकसभेत मंजूर झाली १७ डिसेंबरला. एकवीस दिवस. आरोपपत्राशिवाय १८० दिवसांपर्यंत कोठडी, आणि आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला तरी जामीन नाही. नाव जुन्याच कायद्याचं राहिलं, ‘पोटा’तला बराच भाग आत आला. आणि पुढे तो कायदा मागे गेला नाही. २०१९ला आणखी एक दुरुस्ती झाली आणि संघटनेप्रमाणे एकट्या माणसालाही दहशतवादी म्हणून जाहीर करायची सोय झाली. टाडाला निदान मुदत होती, दर काही वर्षांनी संसदेला तो पुन्हा तपासून पाहावा लागायचा. या तरतुदींना मुदतच नाही. त्यांचं पुन्हा मोजमाप कधी करायचं, हे कोणी लिहूनच ठेवलेलं नाही.

फौजदार : तुम्ही कोठडीकडे वकिलाच्या डोळ्यांनी बघता. तपास करणाऱ्याच्या खुर्चीत बसून बघा. फोनचा तपशील परदेशातून मागवायचा, पैशाचा माग काढायचा, दोन राज्यांत माणसं पाठवायची. नव्वद दिवसांत होत नाही ते.

वकील : नव्वदात होत नाही म्हणून १८० दिलेत. मग एकोणीस वर्षं कशाला लागली? लोकलच्या खटल्यातल्या बारा जणांना खालच्या कोर्टानं २०१५ला दोषी धरलं, पाच जणांना फाशी. २१ जुलै २०२५ला हायकोर्टानं बाराच्या बारा निर्दोष सोडले. त्यातला एक तोवर तुरुंगातच मेला होता. मालेगावच्या २००६च्या स्फोटांत नऊ मुसलमान पोरं धरली, पाच वर्षं आत ठेवली, २०१६ला कोर्ट म्हणालं यांच्यावर खटलाच चालू शकत नाही.

फौजदार : लोकलच्या निकालाला सुप्रीम कोर्टानं स्थगिती दिली आहे.

वकील : दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली. त्यांना परत आत टाका असं म्हटलेलं नाही. तो निकाल लागायचा तेव्हा लागेल.

फौजदार : बरं. मग मी विचारतो. बॉम्ब ठेवले कोणी?

वकील : हाच माझा प्रश्न आहे, काका. तुम्ही मला विचारता? ३१ जुलैला मालेगावच्या २००८च्या खटल्यातलेही सातजण सुटले. तिथे आरोपी दुसऱ्या धर्माचे. दहा दिवसांत दोन निकाल. मेलेल्यांच्या घरच्यांना विचारा, देश बदलला का.

फौजदारांनी यावर जे सांगितलं ते मला कुठल्याही समितीच्या अहवालापेक्षा मोलाचं वाटलं. ते म्हणाले, स्फोटानंतर पहिल्या रात्री तपास अधिकाऱ्याकडे काहीच नसतं, आणि पहिल्या सकाळी मंत्र्याला पत्रकारांसमोर काहीतरी सांगायचं असतं. मग जुनी यादी बाहेर निघते. या संघटनेत कोण होतं, त्या मदरशात कोण जायचं, मागच्या वेळी कोणाला बोलावलं होतं. यादीतला माणूस हाताशी असतो, खरा माणूस नसतो. आठ दिवसांत दोन अटका झाल्या तर वरचे गप्प होतात. एकदा अटक झाली की ती चुकली असं म्हणणं म्हणजे साहेबाला खोटं पाडणं. तिथून पुढे पुरावा आरोपीच्या मागे धावतो. हे सगळे असं करतात असं त्यांचं म्हणणं नव्हतं. पण आठ दिवसांची घाई कोणाची असते, असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे बोट केलं. वर्तमानपत्र वाचणाऱ्याची.

वकील : मला वाटतं उलट उदाहरण आपल्यासमोर आहे, आणि आपण त्याचा अभिमानही नीट बाळगत नाही. कसाबचा खटला. जिवंत पकडलेला, कॅमेऱ्यात टिपलेला, तरी त्याला वकील दिला. सुप्रीम कोर्टात त्याच्या बाजूनं ज्येष्ठ वकील न्यायमित्र म्हणून उभे राहिले. २०१२ला फाशी झाली. आणि त्याच खटल्यात जे दोन हिंदुस्थानी आरोपी होते, नकाशे पुरवले म्हणून, ते सुटले. खालच्या कोर्टात सुटले, हायकोर्टात सुटले, सुप्रीम कोर्टातही सुटले. सगळ्यात भयानक हल्ल्यात कोर्टानं पुराव्याला पुरावा म्हटलं आणि नसलेल्याला नाही म्हटलं. तेवढे दिवस देश माझ्या मते बरा बदलला होता.

फौजदार : त्या दोघांपैकी एकाला उत्तर प्रदेशातल्या दुसऱ्या खटल्यात शिक्षा झाली होती, तेही सांगा.

वकील : झाली होती. ती भोगून बाहेर आला. मग त्याला मुंबईत रिक्षा चालवायची होती. पोलिसांचा दाखला मिळेना म्हणून २०२५ला हायकोर्टात जावं लागलं.

फौजदार : पोलिसांनी काय करावं? प्रवासी बसणार मागे.

हा विषय इथे अर्धवट राहिला आणि गाडी भिवंडीवर आली. ती येणारच होती. फौजदारांच्या आयुष्यातली सगळ्यात जिव्हाळ्याची गोष्ट इथलीच आहे.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. ७ मे १९७०ला शिवजयंतीच्या मिरवणुकीनंतर भिवंडी पेटली आणि पाठोपाठ जळगाव, महाड. १९८४च्या मे महिन्यात पुन्हा; त्या वेळी अन्सारी बागेत आसऱ्याला थांबलेली माणसं जाळून मारली गेली. १९८८ला सुरेश खोपडे इथे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या, सत्तरएक. ६ डिसेंबर १९९२नंतर मुंबई दोनदा पेटली, ती भिवंडीपासून तासाभरावर. भिवंडी पेटली नाही. खोपड्यांनी पुढे त्यावर पुस्तकच लिहिलं, ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’

फौजदार : मी शिपाई होतो. साहेबांनी शहर बीटमध्ये वाटून टाकलं. एक शिपाई, एक मोहल्ला. समितीत दोन्हीकडची माणसं. लोकांना वाटतं आम्ही तिथे एकतेची भाषणं द्यायचो. छे! नळाची भांडणं, गटाराची भांडणं, कोणाचा मुलगा कोणाच्या मुलीला चिठ्ठ्या देतो, सायजिंगच्या धुराची तक्रार. बैठकीला दरवेळी जायचं, वहीत लिहायचं, पुढच्या वेळी त्या नळाचं काय झालं ते सांगायचं. दोन वर्षांत मला माझ्या बीटमधलं प्रत्येक दार माहीत झालं. नवा माणूस राहायला आला की मला चहावाला सांगायचा. डिसेंबरात साहेब बदलून गेलेले होते, तरी समितीतली माणसं रात्री कोपऱ्यावर उभी होती. बाहेरून पोरं आली तर आधी त्यांना ‘कोण रे तुम्ही?’ असं मोहल्लाच विचारायचा. आता मला सांगा, पाच हजार कॅमेऱ्यांपैकी एक तरी असं विचारतो का?

वकील : कफ परेडच्या कोळीवाड्यात विचारलं होतं.

फौजदार : तेच तर! मच्छीमार नगरातल्या माणसांनी त्या दहा जणांना होडीतून उतरताना पाहिलं. हटकलंसुद्धा. कोळ्यानं पाहिलं, किनाऱ्यावरच्या यंत्रणेनं नाही. पण त्यानं पुढे सांगायचं कोणाला? त्याच्या ओळखीचा शिपाई होता का? २००८नंतर आपण कोळ्याला ओळखपत्र दिलं. आपला शिपाई त्याच्या ओळखीचा केला नाही.

वकील : काका, तुमच्या गोष्टीत मला नेहमी एक जागा रिकामी दिसते. ५ जुलै २००६. कोटरगेट. कब्रस्तानाशेजारच्या जागेवर पोलीस ठाणं बांधायचं होतं, त्यावरून. गोळीबारात दोघं गेले. रात्री जमावानं तुमच्या खात्यातल्या दोघांना मारलं. कुठे होत्या समित्या?

फौजदार : कागदावर. अधिकारी तीन वर्षांनी बदलतो. नव्या साहेबाला समिती म्हणजे ईद-गणपतीच्या आधीचा चहा-समोसा. वही बंद पडली होती. आणि ठाणं कब्रस्तानाला लागून बांधायचं हे ज्यानं ठरवलं, त्यानं समितीला विचारलं असतं तर पहिल्याच बैठकीत कळलं असतं. माझ्या खात्यातली दोन पोरं गेली. मला ते वकिलानं आठवून द्यायची गरज नाही.

वकील : माझं म्हणणं तुमच्या पोरांवर नाही. तुमच्या पद्धतीवर आहे. चांगला साहेब आला तर मोहल्ला सुखी, वाईट आला तर दुःखी. हे काय राज्य झालं? समितीत तरी कोण असायचं? मागमालक, मौलाना, मंडळाचा अध्यक्ष, नगरसेवक. मागावर बारा तास काम करून तिथेच झोपणारा बिहारचा पोरगा त्यात कधी होता? माझ्या आईसारख्या बाया होत्या? तुम्ही प्रत्येक दार ओळखत होता म्हणता, पण ज्याला दारच नाही त्याचं काय? तो तुमच्या वहीत संशयित म्हणूनच यायचा. ओळखीवर चालणाऱ्या सुरक्षेत अनोळखी माणूस हाच गुन्हा होतो. आज निम्मी भिवंडी अनोळखी आहे. मानकोली, दापोडे, पूर्णा, काल्हेर, जिकडे बघाल तिकडे गोदामं, आणि त्यात पार्सलं उचलणारी पोरं सहा महिन्यांनी बदलतात. कोणता शिपाई कोणतं दार लक्षात ठेवणार?

या वादात मी कोणाच्या बाजूचा, असं विचाराल तर काही ठिकाणी फौजदारांच्या, आणि मुद्द्याला आलं की वकीलबाईंच्या. पण दोघांच्या बोलण्यातून मला तिसरंच काही दिसत गेलं.

१९७०च्या दंगलीनंतर सरकारने न्यायमूर्ती मादन यांचा आयोग नेमला. भिवंडी, जळगाव, महाड या तिन्ही ठिकाणी काय घडलं, मिरवणूक कोणत्या रस्त्याने न्यायची यावर आधी किती बैठका झाल्या, कोण काय म्हणालं, पोलीस कुठे उभे होते, हे सगळं त्या आयोगाने साक्षीदार तपासून लिहून ठेवलं. दंगलीचा तपास करणाऱ्या खास पथकानेच धर्म बघून भेदभाव केला, हेही लिहिलं. १९९२-९३नंतर न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोग आला. त्याने मुंबई दंगलीचं ठाणेनिहाय चित्र मांडलं, आणि पुढे मार्च १९९३च्या स्फोटांशी तिचा संबंधही तपासला. २००८नंतर? राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन अशी दोघांची राज्य सरकारी समिती. कामाचा आवाका मुंबई पोलीस आणि राज्य यंत्रणेपुरता. दिल्लीतल्या गुप्तवार्ता यंत्रणा, नौदल, तटरक्षक दल, गृहमंत्रालय यांना एकत्र बसवून ‘इशारे आले होते, मग अडलं कुठे?’ असं विचारणारा राष्ट्रीय आयोग नेमलाच गेला नाही. अमेरिकेने ११ सप्टेंबरनंतर कितीतरी चुकीच्या गोष्टी केल्या. पण आयोग नेमला, राष्ट्राध्यक्षालाही त्याच्यापुढे बसावं लागलं, आणि २००४ला त्याचा अहवाल पुस्तकाच्या दुकानांत विकायला आला. नॉर्वेत २०११ला एका माणसाने ७७ जणांना मारलं. वर्षभरात तिथल्या आयोगाने पोलिसांना आणखी लवकर पोहोचता आलं असतं असं स्पष्ट सांगितलं.

आपण पाहायची साधनं विकत घेतली. विचारायची सवय तेवढ्यात मोडली. मी हे बोलून दाखवलं तर फौजदार हसले.

फौजदार : मादन आयोगाचं काय झालं? श्रीकृष्ण आयोगाचं? अहवाल कपाटात धूळ खात पडलेत. माझ्या साहेबांच्या टेबलावर मी त्यातला एकही पाहिला नाही.

वकील : धूळ खात का असेना, लिहिलेलं तर आहे. मी कोर्टात जाते तेव्हा १९७०ला काय झालं हे मला कोणाच्या आजोबाच्या आठवणीवर सोडावं लागत नाही. दोन्हीकडचे आजोबा वेगवेगळं सांगतात. २००८चं असं काय आहे माझ्याकडे?

फौजदार : कसाबचा खटला आहे. तुम्हीच मघाशी त्याचं कौतुक केलंत.

वकील : खटला विचारतो कोणी केलं. आपण का थांबवू शकलो नाही, हे खटल्यात येत नाही. डेव्हिड हेडलीचं घ्या. हल्ल्याआधी किती वेळा येऊन ताज बघून गेला. बरं, हल्ला झाला, कायदा झाला, देश जागा झाला. मार्च २००९ला तो पुन्हा हिंदुस्थानात आला! परत जागा बघत फिरला. कोणी अडवलं नाही. ऑक्टोबरात शिकागोला अमेरिकनांनी धरला तेव्हा आपल्याला नाव कळलं. अमेरिकी पासपोर्ट होता ना. त्याच महिन्यांत माझ्या मामाला नळबाजारात लॉजवर खोली घेताना तीन कागद दाखवावे लागत होते.

फौजदार : लॉजवाल्यानं कागद मागितले तर त्यात अपमान कसला?

वकील : कागद सगळ्यांना मागितले तर अपमान नाही. नाव ऐकल्यावर खोली भरलेली असते तेव्हा आहे. कल्याणला फ्लॅट बघायला गेलो की दलाल फोनवर नीट बोलतो. आडनाव सांगितलं की सोसायटीचा नियम निघतो. कोणत्या कायद्यात आहे तो नियम? एकवीस दिवसांत झालेला कायदा निदान छापलेला आहे, त्याच्याशी भांडता येतं. हा छापलेला नाही.

फौजदार : आणि पडघा? तिथलं काय? मुलुंडच्या लोकलमध्ये मार्च २००३ला स्फोट झाला, त्यातला मुख्य आरोपी साकिब नाचन तिथलाच. २०१६ला शिक्षा झाली. सुटून आला, आणि डिसेंबर २०२३ला एनआयएनं पुन्हा धरला. त्याने आणि त्याच्या साथीदारांनी पडघ्याजवळच्या बोरिवलीला ‘अल शाम’ असं नाव देऊन स्वतंत्र भाग जाहीर केल्याचा आरोप आहे. हे यादीतून काढलेलं नव्हतं, वकीलबाई. तो माणूस खरा होता.

वकील : खरा होता. २००३च्या स्फोटांची शिक्षा कोर्टानं दिली, मला त्याबद्दल काही म्हणायचं नाही. पुढच्या खटल्याचा निकाल लागायच्या आत तो जून २०२५ला कोठडीत असतानाच आजारी पडून मेला. पण बोरिवलीला माझ्या मावशीचं सासर आहे. भातशेती, आंब्याची झाडं, आखातात गेलेली पोरं, आणि गल्लीत बोलतात ती आपलीच कोकणी मराठी. आज त्या गावाचं नाव मोबाईलवर टाकून बघा काय येतं. मावसभाऊ नोकरीच्या मुलाखतीला गाव ‘पडघ्याच्या पुढे’ असं सांगतो. त्या माणसाला कोर्टानं शिक्षा दिली. गावाला कोणी दिली?

फौजदार : गावानं त्याला अडवलं का नाही, असंही कोणी विचारेल.

वकील : विचारू दे. पण मग तोच प्रश्न मालेगावच्या २००८च्या स्फोटानंतर पुणे-नाशिकच्या गल्ल्यांना कोणी विचारला का, तेही बघू. आणि गावानं अडवायचं तर सांगायचं कोणाला? कोळ्याबद्दल तुम्हीच म्हणालात. धाडीला चारशे पोलीस येतात. एरवी एक येत नाही.

इथे फौजदार वकीलबाईंच्या बाजूला आले आणि त्यांनाच ते आवडलं नाही. ते म्हणाले, पडघा हद्दीत किती गावं आणि किती शिपाई ते एकदा मोजा. बंदोबस्त, कोर्टाची तारीख, व्हीआयपी, महामार्गावरचे अपघात यांतून बीटला जायला माणूस उरत नाही. फोर्स वनच्या बंदुकीसाठी पैसे मागितले की मिळतात. बीटच्या शिपायासाठी मागितले की फाईल फिरते, कारण त्याचं उद्घाटन करता येत नाही. २२ एप्रिल २०२५ला पहलगामला २६ जण मारले गेले, त्यात तिघं शेजारच्या डोंबिवलीचे. पंधरा दिवसांत सीमेपलीकडे क्षेपणास्त्रं गेली. फौजदारांना त्याचा अभिमान होता, तो त्यांनी लपवला नाही. पण मेमध्ये सायरनची रंगीत तालीम झाली तेव्हा त्यांच्या इमारतीत कोण म्हातारं एकटं राहतं, कोणाला जिना उतरवायचा, हे एकालाही सांगता आलं नाही, असंही त्यांनीच सांगितलं.

वकील : मग तुम्हाला नक्की काय हवंय, काका? समित्या परत?

फौजदार : शिपाई परत. परवा गोदामात काम करणारा एक पोरगा आला होता माझ्याकडे. पार्सलच्या कंपनीला पोलिसांचा चारित्र्य दाखला हवा. ऑनलाइन अर्ज केला, नामंजूर. कारण? काही नाही. ठाण्यातून कोणी त्याच्या घरी गेलंच नव्हतं. संगणकात त्याच्या नावाचा दुसरा कोणीतरी होता. आमच्या वेळी शिपाई घरी जायचा, शेजाऱ्याला विचारायचा, किराणावाल्याला विचारायचा.

वकील : आणि चहापाण्याचे घ्यायचा.

फौजदार : काही घ्यायचे.

वकील : मला घरी येणारा शिपाई नको आहे. मला नकाराचं कारण लेखी हवं आहे, सहीनिशी, म्हणजे मी त्याच्याविरुद्ध अपील करीन. देऊ नका दाखला, पण का देत नाही ते लिहा.

फौजदार : लिहायचं तर लिहिणाऱ्याला आधी ते माहीत असायला लागेल. त्यासाठी घरी जावंच लागेल.

वकील : जाऊ दे. पण जाताना पावतीपुस्तक घेऊन जाऊ दे.

फौजदार : पोराचा अर्ज माझ्याकडेच आहे. सोमवारी नारपोली ठाण्यात जातो आहे. तुम्ही येता?

वकील : फी घेईन.

फौजदार : चहापाणी म्हणा ना.